कंपनीचं कुलूप आणि माझं पत्रक

माझ्या एका पत्रकामुळे माझ्या मित्राची नोकरी गेली. त्या पत्रकातला शब्दन् शब्द खरा होता, आणि बरेच दिवस मी तेवढ्याच एका गोष्टीला धरून बसलो होतो. खरं लिहिलं, मग चुकलं कुठं? कुठं चुकलं ते आता मला माहीत आहे. ते सांगायचं तर आधी एका कुलपाची गोष्ट सांगावी लागेल आणि ती जरा किचकट आहे. पण मी पत्रकं लिहूनच लिहायला शिकलो. चौकात उभ्या उभ्या वाचणाऱ्याला कळलं नाही तर ते पत्रक रद्दीत घाला, अशी आम्हाला शिकवण होती. तेव्हा जमेल तेवढं सोपं करतो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आमची एक लहानशी संघटना होती. लक्ष्मीपुरीत सायकलच्या दुकानावर एक खोली, एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर आणि भिंतीला लावून रचलेले पत्रकांचे गठ्ठे. संघटना चालवायचे एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सरच म्हणत. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नोकरीच्या मागं न लागता तिथं पूर्णवेळ राबत होतो. माझं घर वारणानगरकडचं. शेत आहे, म्हशी आहेत, दोन वेळचं दूध डेअरीला जातं. मी सहा महिने घरी काही पाठवलं नाही तरी कुणाच्या ताटातली भाकरी कमी होत नव्हती. हे वाक्य मी त्या वेळी कधी लिहिलं नसतं. मला वाटायचं, आपण त्याग करतोय.

आमचं जूनमधलं मुख्य काम बोर्डिंगचं. कोल्हापुरात खेड्यातली पोरं शिकली ती बोर्डिंगमध्ये राहून. मी तसाच शिकलो, माझा मित्रही. दरवर्षी गावोगावचे आमचे कार्यकर्ते पोरांचे अर्ज भरून घ्यायचे, दाखले पुरे करायचे आणि आम्ही ते गठ्ठे बोर्डिंगच्या ऑफिसात नेऊन द्यायचो. त्या वर्षी सात-आठ बोर्डिंगांनी मिळून एक समिती केली आणि प्रवेशाचं सगळं काम एका कॉम्प्युटर कंपनीला देऊन टाकलं. कागदावरचे अर्ज बंद. पोरानं शहरात यायचं, कंपनीच्या केंद्रावर रांग लावायची, तिथल्या माणसाकडून फॉर्म भरून घ्यायचा. हुपरीत घरी बसून चांदीची पैंजणं घडवणारा बाप पोराला घेऊन कामाचा दिवस मोडून यायचा आणि दाखल्याची झेरॉक्स राहिली म्हणून संध्याकाळच्या बसनं परत जायचा. असं दोनदा झालं की तो पोराला म्हणायचा, बस आता घरीच, चांदीच घास.

समितीच्या नियमांत एक ओळ आमच्या कामाची होती. नोंदणी झालेल्या संस्थांना आपल्याकडचे अर्ज एकत्र करून थेट कंपनीच्या सेवेला पाठवता येतील, मात्र 'सुरक्षित स्वरूपात'. त्या दोन शब्दांत माझे पाच आठवडे गेले.

सुरक्षित म्हणजे कुलूपबंद. अर्जांची फाईल आपण आपल्या कॉम्प्युटरवर कुलूप लावून बंद करायची. वाटेत कुणी उघडलीच तर त्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसावी, आणि कंपनीनं आपल्याकडच्या किल्लीनं ती नीट उघडून घ्यावी. ह्यात वाईट काही नाही. पोरांचे जातीचे दाखले, बापाच्या मजुरीचे दाखले असे उघडे फिरू नयेत, हे मलाही मान्य. आणि अशी कुलपं जगभर ठरलेली आहेत. त्यांची घडण पुस्तकात छापलेली असते, कुणीही वाचावी, कुणीही बनवावी. गुपित ठेवायची ती फक्त किल्ली. हजार जणांनी खटपट करूनही ते फुटत नाही, म्हणून तर त्याच्यावर भरवसा.

कंपनीनं आम्हाला चार पानांची झेरॉक्स दिली. तीत असल्याच एका नावाजलेल्या कुलपाचं नाव होतं. मी सरांना म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे. प्रोग्राम लिहिला, फाईल बंद केली, पाठवली. उत्तर आलं, "अवैध फाईल. कोड ४१." कोड ४१ म्हणजे काय, ते चार पानांत कुठंच नव्हतं.

आधी मी स्वतःचाच दोष शोधला. पुस्तकात नमुने दिलेले असतात, अमुक मजकूर अमुक किल्लीनं बंद केला तर अमुक अक्षरं यायला हवीत. माझ्या प्रोग्रामनं तीच अक्षरं दिली. पुन्हा पाठवलं, कोड ४१. किल्ली तीनदा मागवून घेतली, कोड ४१. फाईलमध्ये एकच अर्ज ठेवून पाहिला, मग एकच शब्द ठेवून पाहिला. सेवेचं म्हणणं एकच. चूक कुठं आहे हे सांगायची तिची पद्धतच नव्हती, नुसतं दार लावून घ्यायची.

राजारामपुरीत कंपनीचं ऑफिस होतं, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या मॅनेजरनं चहा दिला आणि सांगितलं की बाकी कुणाचीच तक्रार नाही. मग म्हणाला, आमचं तयार सॉफ्टवेअर घ्या, त्यात कुलूप आपोआप लागतं. ते आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालणारं नव्हतं, आणि चाललं असतं तरी मी घेतलं नसतं. माझा संशय हाच होता, की माहितीच्या पानांत एक कुलूप लिहायचं, दुकानात दुसरंच ठेवायचं आणि ते फक्त आपल्याच दुकानात मिळेल अशी सोय करायची. मी तिथंच आवाज चढवला. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "तुम्ही लेखी द्या." लेखी तर मी तीनदा दिलं होतं.

सरांनी एकदा सुचवलं की वीस-वीस पोरं करून एस.टी.नं आणूया, केंद्रावर आपले दोघं उभे राहतील, होऊन जाईल. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. सरांनी एस.टी.चं वेळापत्रक घडी करून ठेवलं. खोलीत शेदीडशे अर्ज पडले होते, शेवटची तारीख दहा दिवसांवर आली होती, आणि मी तत्त्व सांगत होतो.

आता मित्राबद्दल. बोर्डिंगमध्ये आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. तो कुरुंदवाडचा, बौद्ध घरातला. त्याचे वडील गवंडी, त्यांना सगळे आबा म्हणत. त्यानं इंजिनिअरिंग केलं. त्यांच्या गल्लीतला तो पहिलाच. आणि तो त्याच कंपनीत होता, त्याच तिसऱ्या मजल्यावर. लागून पाच महिने झाले होते. पहिले सहा महिने कच्चे, मग कायम केल्याचं पत्र. ते पत्र आलं की आबा बांधकामावरचं काम कमी करणार होते, त्यांचे गुडघे कामातून गेले होते. हे सगळं मला माहीत होतं. कंपनीचं काही बाहेर बोलणार नाही अशा कागदावर त्यानं सही केली होती, तेही माहीत होतं.

मी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी एस.टी. स्टँडमागच्या चहाच्या गाड्यावर मी त्याला म्हणालो, "कंपनीचा झालास की लेका. तुझा अर्ज कुणी पोचवलाता बोर्डिंगला? कार्यकर्त्यांनीच न्हवं?"

त्यानं कप खाली ठेवला. पत्रकात असला टोला बरोबर बसतो. मला तो मारायची सवय होती आणि कुणाला मारायचा नाही एवढं शिकलो नव्हतो.

मग त्यानं खिशातल्या डायरीचं पान फाडलं आणि चार ओळी लिहिल्या. लिहिता लिहिता सांगत होता, "कुलूप ठरलेलंच हाय. पण किल्ली उलटी लावलीया. शेवटचं अक्षर पयलं घ्यायचं. आणि फाईलच्या शेपटीला रिकामी जागा उरती बघ, ती सगळं जग एका रीतीनं भरतं, आम्ही आमच्या रीतीनं."

"का पण?"

"का म्हंजे? पयल्यांदा साहेबाच्या हातनं चुकून झालं. दुरुस्त करायचं तर सगळंच बदलावं लागतंय. मग ऱ्हाऊ दिलं. आता त्यालाच सिक्युरिटी म्हणत्यात."

मी एवढ्या मोठ्यानं हसलो की गाड्यावरचे लोक वळून बघायला लागले. तो हसला नाही. पान माझ्या हातात देत म्हणाला, "उतरवून घेतलास की फाडून टाक. तीन आठवड्यावर आलंय माझं पत्र."

मी 'व्हय' म्हणालो.

त्या चार ओळींप्रमाणे प्रोग्राम बदलला. अर्ध्या तासाचं काम. किल्ली उलटी केली, शेपूट त्यांच्या रीतीनं भरलं, फाईल पाठवली. उत्तर आलं, "स्वीकृत." शेदीडशेच्या शेदीडशे अर्ज गेले, तारखेला चार दिवस बाकी असताना. सरांनी खालून भजी मागवली. गोष्ट तिथं संपायला हवी होती. पोरांचं काम झालं होतं, मित्राचं पत्र येणार होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पण माझं डोकं थंड होईना. इचलकरंजीकडच्या एका संस्थेचेही अर्ज कोड ४१ म्हणून परत आले होते, त्यांनी सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. एका माणसाची चूक, ती झाकायला गुपित, आणि त्या गुपिताची विक्री. हे लोकांना कळायला नको? मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. चांगलं उतरलं होतं. कुलूप म्हणजे काय, ठरलेलं कुलूप म्हणजे काय, कंपनीनं त्याचं काय केलं, आणि शेवटी कुठल्याही संस्थेनं फाईल कशी बंद करावी ह्याची पूर्ण कृती.

सरांनी वाचलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "पुरावा?"

सरांचा तो नियमच होता. आरोपामागं कागद पाहिजे. कागद नसेल तर ती शिवी झाली, आणि शिव्या छापायला आपण वर्गणी गोळा करत नाही. आमच्या खोलीत बसची तिकिटंसुद्धा फाईलला लावलेली असत. कागद फाडायचा असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. डायरीचं ते पान मी फाडलं नव्हतं. प्रोग्राम बिघडला तर लागेल, असं स्वतःला सांगून फाईलमध्ये घातलं होतं. ते काढून सरांसमोर ठेवलं.

सरांनी चष्मा पुसून पान वाचलं. "ह्याला विचारलंयस ना?"

"विचारलंय," मी म्हणालो.

पत्रकात एकही वाक्य खोटं नव्हतं. ते छापायच्या आधी मी हे एक बोललो.

मजकूर पुन्हा टाईप करून टाकता आला असता. मला ते सुचलंही होतं. छापखान्यात बसलो असताना तिथला माणूस म्हणाला की ह्या चार ओळी साध्या टाईपात घेतल्या तर जागा वाचेल. मी म्हणालो, नको, हातचं अक्षर दिसू दे, लोकांचा विश्वास बसतो. त्यानं पान स्कॅन करून बरोबर मधोमध बसवलं आणि मी त्याच्यावर ओळ दिली, 'कंपनीच्याच माणसाच्या हातचा पुरावा'. नाव कुठंच नव्हतं. नाव नाही म्हणजे माणूस सुरक्षित, एवढाच माझा हिशेब. कुलपावर अख्खं पत्रक लिहिणाऱ्याला हे सुचलं नाही की माणसाचं अक्षर उघडं टाकलं तर नाव झाकून काय झाकलं.

पत्रक दसरा चौकात वाटलं, बोर्डिंगांच्या दारांत वाटलं. राजारामपुरीत कंपनीच्या जिन्यात मी स्वतः खळ लावून एक चिकटवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मित्र खोलीवर आला. ऑफिसची वेळ होती, म्हणजे तो आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. सर नव्हते. तो बसला नाही.

"आमच्यात पांढरा फळा हाय," तो म्हणाला. "रोजचं काम त्याच्यावर मीच लिवतो. सगळ्यांच्या म्होरं."

मला पुढचं कळलं, पण मी त्याला बोलू दिलं. मॅनेजरनं पत्रक फळ्याशेजारी धरलं होतं आणि सगळ्यांना विचारलं होतं, कुणाचं अक्षर आहे ओळखा. कुणी बोललं नाही, तेव्हा ह्यानंच हात वर केला. अर्ध्या तासात टेबल रिकामं. अनुभवाचा दाखलाही मिळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

"फाड म्हणालतो तुला."

मी म्हणालो की हा अन्याय आहे, आपण सोडायचं नाही. दारात धरणं धरू, तुझ्यावर पत्रक काढू.

"आता आणि माझ्यावर काढणार व्हय?" तो म्हणाला. "पयलं काय कमी पडलं?" आणि जिना उतरून गेला.

समितीनं अर्जांची तारीख पंधरवडाभर पुढं ढकलली होती, आणि आठवड्याच्या आत कंपनीनं कुलूप बदललं. सरळ करायची सोडून किल्ली आणखी वेगळ्याच तऱ्हेनं फिरवली. पत्रकात दिलेली माझी कृती वाचून ज्या दोन-तीन संस्थांनी फाईली बंद केल्या होत्या त्यांना कोड ४१ येऊ लागला. त्यांतल्या एका संस्थेच्या माणसानं फोन करून मला विचारलं की पावणं, नवीन पत्रक कधी काढताय. आमचे अर्ज आधीच गेले होते, त्यामुळे आमच्या पोरांना काही झालं नाही. पत्रकाची फलनिष्पत्ती विचाराल तर एवढीच, आणि एक नोकरी.

सरांना मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यानं जास्त लागलं. म्हणाले, "त्याच्या घरी जाऊन ये."

पंधरा दिवसांनी गेलो. त्यानं घरी सांगितलं असेल ह्या हिशेबानं शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. आबा शेजारच्या भिंतीला गिलावा करत होते. मला बघून थापी ठेवली, हात धुतले आणि भिंतीच्या मालकाला सांगायला लागले की ह्यो माझ्या पोराचा दोस्त, एका खोलीत होते. घरात नेलं, चहा झाला. मला हळूहळू कळलं की घरात कुणालाच काही माहीत नाही. तो अजून दर सोमवारी सकाळी डबा घेऊन कोल्हापूरला जात होता.

आबांनी विचारलं, "पर्मनंटचं पत्र कवा येतंय म्हणायचं? त्यो काय धड सांगंना."

बिंदू चौकात लाऊडस्पीकरवर मंत्र्याला जाब विचारलेला माणूस मी. तोंडातून आलं, "येईल की आबा."

ते समाधानानं हसले. मी चार वाजताच्या बसनं परत आलो. नोकरी माझ्या मूर्खपणानं गेली असं एक वेळ म्हणता येईल. पण हे वाक्य मी शुद्धीवर असताना बोललो.

दिवाळीच्या आधी मित्र दुसऱ्यांदा खोलीवर आला. वाळला होता. एका कॉलेजच्या दारात झेरॉक्सच्या दुकानात उभा राहत होता, कारण दाखल्याशिवाय कुठली कंपनी दारात उभं करत नव्हती. कुरुंदवाडचा कुणीतरी कंपनीच्या इमारतीत वायरिंगच्या कामाला आला होता आणि त्यानं गावात जाऊन सांगितलं होतं की ह्याला कंपनीनं कागद चोरले म्हणून हाकललं.

"आबांनी मला इचारलं," तो म्हणाला. "चोरी केलास काय म्हणून. माझ्या बापानं. मला." मग म्हणाला, "आणि तू गेलतास तिकडं. येईल की म्हणालास. ते रोज टपालाची वाट बघत बसलेले."

मी टेबलावरची पत्रकं बाजूला सारून त्याला जागा केली.

"मी सांगून उपेग न्हाय. मी न्हायच म्हणणार की. तू जा. तू सांग."

दुसऱ्याच दिवशी गेलो. आबा ओट्यावर बसले होते, दोन्ही गुडघ्यांना तेल लावलेलं होतं. ह्या वेळी आत बोलावलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली, कुलूप, उलटी किल्ली, समिती, तत्त्व. त्यांनी मध्येच हात वर केला.

"ते कुलूप ऱ्हाऊ दे. त्यानं चोरी केली का?"

"न्हाय."

"मग कागद कुणाचा?"

"त्याच्याच डायरीतला. मी मागितला म्हणून लिहून दिला. फाडायला सांगितलेला. मी न फाडता छापला."

"त्याला इचारून?"

"न्हाय."

आबा खाली रस्त्याकडं बघत होते. गल्लीतून येणारा-जाणारा आमच्याकडं बघून चालण्याचा वेग कमी करत होता. "पोरगा माझा खाली मान घालून जातोय हितनं," ते म्हणाले. "तुला लिवायला येतंय न्हवं? हे लिवून दे."

माझ्या पिशवीत कागद कायमच असायचा. मी ओट्याच्या कडेला बसून लिहायला घेतलं, आणि काय सांगू, पहिलीच ओळ आली ती 'नफेखोर कंपनीच्या मनमानी कारभाराचा बळी ठरलेल्या'. आबा चौथी शिकलेले, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचे. पूर्ण पान वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग म्हणाले, "ह्यात कंपनीच लई हाय. माझा पोरगा कुठं हाय?"

दुसरा कागद घेतला. ह्या खेपेला समिती आली, शिक्षणाचा हक्क आला. आबांनी तोही परत दिला. "तू काय केलास ते कुठं हाय?"

पाच आठवडे ज्या सेवेनं नुसतं 'अवैध' म्हणून माझं तोंड बंद केलं तिच्यावर मी चिडलो होतो. आबा निदान कुठं चुकलं ते सांगत होते. तिसऱ्या कागदावर चार वाक्यं उरली. ह्यांच्या मुलानं कंपनीतून काहीही चोरलं नाही. मी मागितलं म्हणून त्यानं मला माहिती लिहून दिली आणि कागद फाडायला सांगितला. मी तो त्याला न विचारता छापला. त्याची नोकरी माझ्यामुळे गेली. खाली सही, पूर्ण नाव, गाव.

आबांनी ते वाचलं, मान हलवली आणि उठले. गुडघ्यावर हात दाबत ओट्याच्या पायऱ्या उतरले. मला वाटलं होतं, कागद घडी करून आत ठेवतील. ते म्हणाले, "चल."

कोपऱ्यावर एक केशकर्तनालय होतं, बाहेर बाकावर पाच-सहा माणसं कायम बसलेली. आबांनी कागद माझ्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. चारच वाक्यं, पण मला दोनदा थांबावं लागलं. आतल्या खुर्चीत साबण लावून बसलेला माणूसही मान वळवून ऐकत होता. न्हाव्यानं वस्तरा बाजूला धरला होता. वाचून झालं. मला वाटलं, आता कुणी तरी मला शिवी देईल आणि मोकळं वाटेल.

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे पोरानं चोरी केली न्हाय."

"न्हाय," मी म्हणालो.

"मग आता त्याला परत घेणार काय नोकरीवर?"

मी आबांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. इतका वेळ त्यांनी मला तो विचारला नव्हता, एवढंच. ह्या कागदानं काही तरी होईल, अशी थोडी आशा त्यांनी धरली असावी.

"न्हाय आबा," मी म्हणालो. "न्हाय घेणार."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात घातला. मग बाकावर जागा करून घेऊन बसले. न्हावी पुन्हा कामाला लागला. मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणूनही नाही.